कंबरेचा घेर आणि गावाचा आराखडा

तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाई-पुरुषाची कंबर टेपने मोजायची, हे आता गावोगावच्या आशाताईंच्या कामात आहे. हातात छापील तक्ता असतो. वय किती, तंबाखू-दारू आहे का, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, आठवड्याला दीडशे मिनिटं तरी अंगमेहनत होते का, आणि कंबर किती. बाईची ८० सेंटिमीटरपर्यंत, पुरुषाची ९० पर्यंत असेल तर शून्य गुण. घेर वाढेल तसे गुण वाढतात. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला तपासणीसाठी आधी पाठवायचं.

तक्ता उपयोगाचा आहे, त्यातून आजार वेळेत सापडतात. मात्र त्यातला प्रत्येक प्रश्न त्या एका माणसाच्या सवयींबद्दल किंवा त्याच्या घराण्याबद्दल आहे. त्याच्या घरापासून शाळेपर्यंत, बाजारापर्यंत पायी जाण्याजोगा रस्ता आहे का? संध्याकाळी बाईला तासभर निर्धास्त फिरता येईल अशी जागा जवळपास आहे का? रेशनवर त्याला कोणतं धान्य मिळतं? शाळेच्या फाटकासमोरच्या टपरीवर काय टांगलेलं असतं? हे कुणी विचारत नाही. पुढची पानं या प्रश्नांची आहेत. पुण्या-मुंबईत हे प्रश्न निदान चर्चेत तरी येतात. उमरग्यासारख्या तालुक्याच्या गावात ते अजून कुणी नीट मांडलेलेच नाहीत, म्हणून ही प्रस्तावना उमरग्यातून लिहिली आहे.

पहिला आक्षेप ठरलेला असतो. आमच्याकडे माणसांच्या पोटाला नाही, पोरं कुपोषित आहेत, पाण्याची बोंब आहे. लठ्ठपणा हे शहरातल्या खात्यापित्या घरांचं दुखणं, ते आमच्या गळ्यात कशाला? आक्षेप खोटा नाही. उमरगा ज्यात येतो तो धाराशिव जिल्हा २०१८ साली केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला, तो मागासलेपणामुळेच. महाराष्ट्रातून त्या यादीत गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि हा, असे चारच जिल्हे होते. तरीही देशाचे आकडे बघावेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, २०१५-१६ साली, देशातल्या २०.६ टक्के स्त्रियांचं आणि १८.९ टक्के पुरुषांचं वजन प्रमाणापेक्षा जास्त भरलं. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हेच आकडे २४ आणि २२.९ झाले. खेड्यातल्या दर पाच बायकांमागे जवळजवळ एक त्यात आहे. तेव्हा हे दुखणं फक्त शहराचं म्हणून बाजूला सारता येत नाही. आणि उपासमार नि लठ्ठपणा एकाच घरात, कधी कधी एकाच देहात कसे नांदतात, हे जगाला दाखवून दिलं ते महाराष्ट्रातल्याच एका कामाने.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा पाठपुरावा केला. या बायका शेतात राबणाऱ्या, अंगाने कृश. त्यांची बाळं जन्मत: सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. पण मोजमापं घेतल्यावर असं दिसलं की पुण्याकडच्या बाळांचे स्नायू, पोट, हाडापेर सगळं लहान असलं, तरी कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. वजनाने हडकुळं, पण चरबी राखून असलेलं बाळ. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिकांनी स्वत:चं आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचं छायाचित्र शेजारी शेजारी छापलं. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच, बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. काट्यावर उभं राहून आपण ठीक आहोत असं समजणाऱ्या कितीतरी माणसांची गोष्ट त्या एका चित्रात आली. आपल्या लोकांसाठी वजनाची आणि कंबरेची मर्यादा युरोपपेक्षा खाली धरतात, ती यामुळेच.

याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्या आयांच्या जेवणात गरोदरपणी हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध अधिक वेळा होतं, त्यांची बाळं चांगल्या बांध्याची जन्मली. म्हणजे बाजारात मेथी-चुका काय भावाने मिळतो, घरी दूध उरतं की सगळं डेअरीला जातं, यावर पुढच्या पिढीच्या कंबरेचा काही हिशेब आधीच ठरलेला असतो. मराठवाड्यात तर १९७२ चा दुष्काळ ज्यांनी आईच्या पोटात असताना काढला, ती माणसं आज पन्नाशीच्या पुढे आहेत. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत ज्यांच्या आया उपाशी राहिल्या, त्या मुलांत एकोणिसाव्या वर्षी लठ्ठपणा जास्त आढळला. दुष्काळ आणि लठ्ठपणा हे आजा-नातवाच्या नात्यातले आहेत, असं मी म्हणतो ते या आधारावर.

जन्माने मिळालेलं असं शरीर घेऊन माणूस वेगळ्या परिसरात गेला की काय होतं? याचा एक अभ्यास नागपूर, हैदराबाद, लखनौ आणि बंगळूर या चार शहरांतल्या कारखान्यांत झाला. निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. खेड्यातून शहरात येऊन कामाला लागलेला माणूस घ्यायचा आणि त्याच्या खेड्यातच राहिलेल्या सख्ख्या भावंडाशी त्याची तुलना करायची. आईबाप तेच, लहानपणीचं ताट तेच, फक्त गाव बदललं. खेड्यात राहिलेल्या पुरुषांत लठ्ठपणा १९ टक्के, शहरात गेलेल्यांत ३७.८ टक्के, मुळात शहरातच वाढलेल्यांत ४१.९ टक्के. उमरग्याहून हैदराबादला, पुण्याला, भिवंडीला कामाला गेलेली माणसं कोणत्या घरात नाहीत? दिवाळीला भाऊ-भाऊ एका पंगतीला बसतात तेव्हा दोघांच्या पोटातला फरक सगळ्यांना दिसतो. त्याला आपण सुखवस्तूपणा म्हणतो, कुणी आळस म्हणतं. भाऊ आळशी झालेला नसतो. त्याचा दिवस बदललेला असतो.

आता तर हा बदल माणसाने गाव सोडण्याचीही वाट पाहत नाही. तो गावातच आला आहे. तो कसा आला, हे ताटापासून बघावं.

हा ज्वारीचा मुलूख. भाकरी, तुरीचं वरण, शेंगदाण्याची चटणी, पालेभाजी, ताक, सणाला पुरणपोळी. मार्गशीर्षातल्या अमावास्येला, येळवशीला, सगळं गाव शिवारात जातं. डोक्यावर आंबिलाचं बिंदगं, टोपलीत बाजरीचे उंडे, आणि हरभऱ्याचा पाला, वाटाणा, तूर, पावटा असं त्या हंगामात हिरवं जे असेल ते घालून केलेली भज्जी. लातूर-धाराशिवाबाहेरच्या माणसाला हा सण समजावून सांगावा लागतो. एकाच जेवणात इतकी कडधान्यं आणि पाला, तेही शेतापर्यंत चालत जाऊन. आहारतज्ज्ञाने बसून आखलं असतं तरी याहून चांगलं जमलं नसतं. पण येळवस वर्षातून एकदा येते, आणि बाकीच्या दिवसांचं ताट कुठून येतं?

ते पुष्कळ अंशी धोरणातून येतं. १९६५ साली भारतीय अन्न महामंडळ स्थापन झालं, तेव्हापासून सरकारी खरेदीचा भर गहू आणि तांदूळ यांवर राहिला. खरेदी त्यांची, म्हणून गोदामात तेच, आणि गोदामात तेच म्हणून रेशनवरही तेच. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात माणशी महिन्याला पाच किलो धान्याचा हक्क मिळाला: तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये, भरड धान्य एक रुपया किलो. जानेवारी २०२३ पासून ते फुकट झालं. या कायद्याने भुकेला आधार दिला, त्याच्याविरुद्ध एक शब्दही मी लिहिणार नाही. पण कागदावर रुपया किलोने लिहिलेली ज्वारी ज्वारीच्याच मुलखातल्या रेशन दुकानात अधूनमधूनच दिसली. इकडे शेतात खरिपाची ज्वारी हटली आणि सोयाबीन आलं. सोयाबीन घरात शिजत नाही, ते मोंढ्यावर जातं. ज्वारी कमी झाली तसा कडबा कमी झाला, कडबा कमी झाला तशी दावणीची जनावरं कमी झाली, आणि ताकाचं गाडगं रिकामं राहू लागलं. काढणीच्या मजुरांअभावी आणि दरापायी करडईही मागे पडली, आणि घाण्याच्या करडई-शेंगदाणा तेलाची जागा पामतेलाच्या पुड्याने घेतली. महाराष्ट्र सरकारने २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला. त्यात चार जिन्नस होते: रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल. सणाला गरिबाच्या घरी गोडधोड व्हावं, ही त्यामागची भावना खरी होती. तरी सरकार जेव्हा लाखो घरांत एकाच वेळी साखर नि पामतेल पोचवतं, तेव्हा ते आरोग्याचंही धोरण ठरतं, मग त्यावर कुठल्याही खात्याची सही असो.

करांचंही तसंच. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटं, चॉकलेट, नमकीन, नूडल्स यांवरचा जीएसटी पाच टक्क्यांवर आणला गेला; बिस्किटं आणि चॉकलेटं आधी अठरा टक्क्यांत होती. थंड पेयांवरचा भार चाळीस टक्क्यांवर राहिला, ते योग्य झालं. पण पाच रुपयांचा पुडा हाच ज्याच्या हाती लागणारा खाऊ आहे, त्या सहावीतल्या मुलासाठी या दोन निर्णयांतला पहिला जास्त वजनाचा आहे. शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरांच्या आत मीठ, साखर, चरबी जास्त असलेले पदार्थ विकू नयेत, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. उमरग्यातल्या वाचकाने आपल्या मुलाच्या शाळेसमोर उभं राहून ते पन्नास मीटर स्वत: पावलांनी मोजून बघावेत. टपरीवाल्याला हुसकावून लावा, असं मी म्हणत नाही. त्याचंही पोट त्यावर आहे. त्याच टपरीवर भाजके फुटाणे, गूळ-शेंगदाणा, उकडलेल्या शेंगा, केळी ठेवून त्याला चार पैसे सुटतील, अशी सोय नगरपरिषद, शाळा आणि पालक यांना मिळून करता येते. या भागातली सकाळची चुरमुऱ्यांची सुशीलासुद्धा शेंगदाणे-कोथिंबीर सढळ हाताने घातली आणि तेल आवरलं तर मैद्याच्या पुड्यापेक्षा कितीतरी बरी. शाळेच्या पोषण आहाराला कायद्याचा आधार आहे, पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, असं मोजमापही ठरलेलं आहे. त्या ताटात पालेभाजी आणि स्थानिक धान्य किती, हा प्रश्न शाळा व्यवस्थापन समितीत बसलेल्या आईबापांनी विचारायचा आहे.

आता पायांकडे. जुनं गावठाण दाट होतं. वेस, पार, आड, देऊळ, पिठाची गिरणी, किराणा, सगळं चालत पाच-दहा मिनिटांत. सोयींच्या नावाने तिथे अडचणी पुष्कळ होत्या आणि पाण्यासाठीची बायकांची पायपीट तर परत यावी असं कुणीही म्हणू नये. पण रोजचं चालणं तिथे मुद्दाम करावं लागत नव्हतं. तालुक्याची गावं वाढली ती मात्र एन. ए. प्लॉटिंग आणि गुंठेवारीतून. शेत तुकड्यांत विकलं, मधून ट्रॅक्टर जाईल एवढा रस्ता सोडला, झाली कॉलनी. मोठ्या रेखांकनात दहा टक्के जागा खुली सोडावी लागते. गुंठा-गुंठा विकलेल्या जमिनीत ती कुणीच सोडत नाही. राज्याला २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा करावा लागला. त्याने घरं कायदेशीर झाली, पण ज्या मैदानासाठी, बागेसाठी, पदपथासाठी जागा ठेवलीच नव्हती ती कायद्याने कुठून आणणार? आराखड्यात आरक्षण टाकलेलं असतं तिथेही दुसरी अडचण आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर जमीनमालक नोटीस देऊन आरक्षण उठवून घेऊ शकतो. मालकाचं म्हणणं रास्तच असतं. नगरपरिषदेकडे भूसंपादनाला पैसा नसतो. आणि मुलांचं मैदान असं कुणाच्या ध्यानीमनी नसताना नकाशावरून पुसलं जातं.

उमरग्याच्या बाबतीत यात महामार्गाची भर. पुणे-सोलापूर-हैदराबाद रस्ता, पूर्वीचा नऊ नंबर आणि आताचा पासष्ट, याच्या जिवावर हे गाव व्यापाराने वाढलं. कर्नाटकाची हद्द जवळ, चारी बाजूंच्या खेड्यांचा बाजार इथे. पण महामार्ग गावाला दोन कडांत विभागतो, आणि अवजड वाहनांच्या त्या प्रवाहातून शाळकरी पोराला सायकलवर पाठवायला कुठली आई धजावेल? मग बाप मोटारसायकलवर सोडतो. अर्ध्या किलोमीटरसाठी मोटारसायकल काढणाऱ्याला नावं ठेवण्याआधी तो अर्धा किलोमीटर चालून बघावा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या एका मोठ्या पाहणीत, ज्यात महाराष्ट्रही होता, निम्म्याहून अधिक लोक, ५४.४ टक्के, पुरेशी हालचाल न करणारे आढळले, आणि केवळ व्यायाम वा खेळ म्हणून काही करणारे दहा टक्केही नव्हते. कष्टाचं काम यंत्रांनी घेतलं, फिरायला-खेळायला जागा कुणी दिली नाही. बायकांचं तर बोलायलाच नको. पहाटे अंधारात चार-सहा जणी घोळक्याने रस्त्याच्या कडेने भराभर चालून परत येतात. जागा नसतानाही त्या चालतात, याचं मला मोठं कौतुक आहे. कोजागिरीला तुळजापूरच्या वाटेने अनवाणी निघणारी हजारो माणसं बघितली की चालण्याची इच्छा आणि ताकद या मुलखात कमी आहे, असं कुणाला म्हणता येईल?

सरकारने ठरवलं तर माणसांचा परिसर एका झटक्यात बदलू शकतो, याचा जिवंत पुरावा या तालुक्याच्या उंबऱ्याशी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. किल्लारी आणि तेव्हा उमरगा तालुक्यात असलेलं सास्तूर, यांच्या आसपासची गावं जमीनदोस्त झाली. पुनर्वसनात ५२ गावं नव्या जागी बसवली. भूमिहीनाला आणि लहान शेतकऱ्याला २५० चौरस फुटांचं घर, मधल्याला ४००, मोठ्याला ७५०. दगडमातीचे वाडे गेले आणि रुंद, सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे रस्ते आले. माणसांना पुन्हा दगडाखाली मरण येऊ नये, ही त्या आखणीची पहिली चिंता होती, आणि ती बरोबर होती. पण गाव जुन्या गावाच्या कित्येक पट जागेवर पसरलं. बऱ्याच ठिकाणी शेत लांब पडलं, शेजार विस्कटला, पार आणि ओटे गेले. आखणी करणाऱ्याच्या पट्टीने माणसाचा रोजचा दिवस कसा बदलतो, हे समजून घ्यायला इथल्या माणसाला परदेशी पुस्तकांची गरज नाही. ती गावं बांधताना लोकांचं आणखी ऐकलं असतं तर काय वेगळं झालं असतं, हे तिथल्या म्हाताऱ्यांना विचारावं.

जगात काय झालं ते थोडक्यात. मेक्सिकोने २०१४ साली साखरेच्या पेयांवर लिटरमागे एक पेसो कर बसवला. पहिल्याच वर्षी खरेदी सरासरी सहा टक्क्यांनी उतरली. चिलीने २०१६ पासून जास्त साखर-मीठ-चरबीच्या पुड्यांवर काळ्या अष्टकोनी इशाऱ्याची सक्ती केली, शाळांतून ते पदार्थ हटवले, मुलांना उद्देशून केलेल्या जाहिराती बंद केल्या. अशा पेयांची खरेदी जवळपास चतुर्थांशाने घटली. अमेरिकेत नव्वदीच्या दशकात गरीब वस्त्यांतल्या कुटुंबांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकून बऱ्या वस्तीत जायची मदत दिली गेली. दहा-पंधरा वर्षांनी त्या बायकांत अतिलठ्ठपणा आणि मधुमेह मागे राहिलेल्यांपेक्षा कमी आढळला. त्यांना कुणी पथ्य सांगितलं नव्हतं. केरळने २०१६ साली बर्गर-पिझ्झावर साडेचौदा टक्के कर लावला होता, तो पुढच्या वर्षी जीएसटीत विरून गेला. आपल्याकडे पुड्यावर इशारा असावा की तारे असावेत, हा वाद २०२२ च्या मसुद्यापासून चालू आहे. तारे चांगुलपणा सांगतात, इशारा धोका सांगतो. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही समजेल ते छापावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

याचा अर्थ माणसाच्या हातात काहीच नाही, असा कुणी काढू नये. तेल मोजून वापरणं, रात्रीचं जेवण लवकर करणं, चालणं, हे ज्याचं त्याने करायचं आहे आणि त्याने फरक पडतोच. पण वजन वाढलेल्या माणसाला, विशेषत: सुनेला आणि वयात आलेल्या मुलीला, चारचौघांत जो टोमणा मारला जातो, त्याने आजवर कुणाची कंबर कमी झालेली नाही. तो टोमणा थांबावा, यासाठीही हे लेखन आहे. दोष ज्याच्या वाट्याचा आहे त्याने तो घ्यावा: आरक्षण उठू देणाऱ्याने, पदपथ न आखणाऱ्याने, स्वस्त काय नि महाग काय हे ठरवणाऱ्याने.

वाचकाला एकच विनंती. नव्या विकास आराखड्याचा मसुदा नगरपरिषद प्रसिद्ध करते, तेव्हा हरकती आणि सूचना नोंदवण्यासाठी कायद्याने तीस दिवस मिळतात. त्या तीस दिवसांत बिल्डर आणि जमीनमालक नकाशा बघून येतात. पायी चालणारे, शाळेत मुलं पाठवणारे, फिरायला जागा नसलेल्या बायका सहसा जात नाहीत. पुढच्या वेळी जा. आपल्या कॉलनीचं मैदान नकाशावर कुठे आहे ते बोट ठेवून विचारा, आणि नसेल तर लेखी हरकत देऊन पोच घ्या.